दत्तूच्या तंबोऱ्यानं पंचम दिला न्हाई

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर येडा म्हणणारा माणूस. चौथीतनं शाळा सोडली, पण अक्कल कुणाकडं गहाण टाकली न्हाई. तरी बी हे लिवतोय... हसायचं त्यानं खुशाल हसा.

मी मिरजेत तंबोरे करतो. माझा दोस्त दत्तू गुरव, वाईचा. देवळात सनई वाजवायचा आन् स्वतः चिजा बांधायचा. त्यानं एक राग काढला व्हता, त्यात पंचम न्हाईच. जाणते म्हणायचे, "दत्तोबा, पंचम घाला, मग गाऊ."

दत्तू म्हणायचा, "मग तुमची चीज तुमीच बांधा की!"

त्या एका सुरापायी जलमभर त्याला कुणी स्टेजवर बसू दिलं न्हाई.

दत्तू मेला, आन् एका बाईंनी त्याची चीज गाऊन मोबाईलवर टाकली — पंचम घालून! लय गाजली. गेल्या म्हैन्यात सातारला भरदुपारी त्याच्या नावानं कार्यक्रम, गाणार त्याच बाई. हॉल गच्च. फोटोला हार एवढा, की दत्तू दिसंना. त्याचाच तंबोरा मी घेऊन गेलो. एरवी पंचमाला असती ती पहिली तार निषादाला लावलेली. पंचम नसलेल्या त्याच्या रागाला तशीच लागती.

बाई म्हणाल्या, "काका, पंचम लावा. लोकांना गोड वाटतं."

"आवं, त्यापायी तर तो जलमभर भांडला!"

"आता ते कुठं ऐकायला येतायत?"

दात खाऊन लावला पंचम. खुंटी सरकू नये म्हणून खडू घासला, घट्ट दाबली. बाईंनी डोळे मिटून सूर धरला — आन् तार निषाद बोलाय लागली! परत उतरवली. परत वर!

आता ऐका. तार आपसूक उतरती, हे शेंबडं पोरगं बी सांगंल. पण निषाद पंचमाच्या वरचा, तिथं जायला खुंटी पिळावीच लागती. मग मी खुंटी मुठीत धरूनच बसलो. मुठीतच फिरली वो! लाकूड तळव्याला घासत... अंगावर सर्रकन काटा. पण भ्या न्हाई वाटलं, हसूच फुटलं. भर हॉलात वरडलो, "पीळ रं दत्तू!"

बाई पांढऱ्याफटक. मग मुकाट पंचम सोडून गायल्या. आन् काय गायल्या! सगळा हॉल उभा राहिला.

पोरगा म्हणतो, "आबा, एसीनं तार आखडली असंल."

आखडंल रं, पण खुंटी कोण फिरवंल? मला आजबी ठावं न्हाई.

आता तंबोरा घरी हाय. रोज सकाळी मुद्दाम पंचमाला लावतो, आन् त्याचीच चीज पंचम घालून म्हणतो. तेवढ्यानं तरी चिडंल...

तार काय हलंना, गड्यांनो.