माफी मागायला गेले आणि सव्वीस किलोमीटर धावून आले

या ब्लॉगवर मी नेहमी गावाचं नाव, रस्ता, जेवण कुठे चांगलं मिळतं, सगळं देते. या वेळी गावाचं नाव देणार नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत. आधी एकदा खरी दिली होती, त्यातूनच हा प्रवास घडला.

झालं असं की सत्तेचाळिसाव्या वर्षी माझ्या डोक्यात मॅरेथॉनचं खूळ शिरलं. "तुला कोपऱ्यावरून भाजी आणायला गाडी लागते," असं नवरा म्हणाला, मग तर मी हट्टालाच पेटले. सरावाच्या जोडीने गडचिरोलीतल्या एका छोट्या दवाखान्यासाठी पैसे जमवायचं ठरवलं. तिथे सिकलसेलच्या मुलांवर उपचार होतात. रक्ताचा हा आजार आईबापांकडून येतो, त्रास नसलेल्या भावंडांच्या रक्तातही लपलेला असू शकतो, हाडं असह्य दुखतात आणि गोळ्या चुकवून चालत नाही. पावसाळ्यात दवाखाना बघायला गेले तेव्हा बारा वर्षांच्या कोमलचा फोटो काढला. कोमलला विचारून काढला, तिच्या आईला विचारलं नाही. आवाहनात फोटो टाकला आणि खाली नाव, गाव, आजार लिहिला. लोकांनी भरभरून दिलं आणि भरभरून पुढे पाठवलं.

फिरत फिरत तो मेसेज कोमलच्या मोठ्या बहिणीला, वैशालीला, बघून गेलेल्या पाहुण्यांच्या मोबाईलवर पोचला. घरात असलं रक्त आहे म्हणून त्यांनी सोयरीक मोडली. आईने संतापून कोमलला दवाखान्यात नेणंच सोडलं. तिथल्या सिस्टर ज्योतीताईंनी फोनवर सांगितलं, "दोन महिने झाले, पोरीच्या गोळ्या बंद आहेत."

जिच्या नावाने मी पैसे जमवत होते, तिचंच औषध माझ्यामुळे थांबलं होतं. मला इतकी लाज वाटली की दोन दिवस बूट घातले नाहीत. तिसऱ्या दिवशी रजा टाकली.

नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत एसटी चारेक तासांत वडशाला सोडते. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिसा हलका होत नाही. पाटीवर कुठे वडसा तर कुठे देसाईगंज दिसेल, गाव एकच. हिवाळ्यात राहायचं असेल तर लॉजवर आधी फोन करा, कारण इथल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटकमंडळींनी खोल्या भरलेल्या असतात. स्टँडवर गरम आलुबोंडा खाल्ला, पण गोड लागला नाही. पुढे आरमोरीच्या दिशेची बस, मग काळीपिवळी जीप. दोन्ही बाजूंना कापलेली धानाची शेतं आणि त्यामागे लगेच जंगल.

यशोदाबाई, म्हणजे कोमलची आई, अंगणात जाळं दुरुस्त करत होत्या. हे घर गावतलावातल्या मासोळीवर आणि थोड्या धानावर चालतं. मी हात जोडले.

"चुकलं माझं. फोटो काढून टाकलाय मी."

"तुम्ही काढला. लोकाइच्या मोबाईलातून कोन काढन?" त्यांनी मान वर केली नाही. "तुमच्या पोरीले काही आजार झाला, तं तुम्ही असा लावान का मोबाईलवर?"

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, वैशालीएवढीच. मी नसता लावला. तसं सांगितलंही. त्यांनी जाळं ओढून पुढचं भोक शोधलं. वैशाली तर माझ्याकडे बघतही नव्हती. बोलत होती फक्त कोमल, भिंतीला टेकून, पाय चोळत.

शेवटची गाडी गेली होती. यशोदाबाईंचा राग तसाच होता, तरी ताट वाढलं. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, लहान मासोळ्यांचा रस्सा. "रागावलं म्हनून काय उपाशी ठेवू?" म्हणाल्या आणि चटई टाकून दिली.

सकाळी सवयीने बुटांच्या नाड्या बांधायला लागले. सव्वीस किलोमीटरचा सराव बाकी होता.

"कुठी चालल्या?"

"धावायला."

"कोनाच्या मांगं?"

काय सांगणार? मग सुचलं तसं विचारलं, "दवाखाना तेरा किलोमीटरवर आहे. जाऊन कोमलच्या गोळ्या आणू का?"

यशोदाबाईंनी हातातली जाळ्याची गाठ पुरी केली. मग आत बघून हाक दिली, "वैशाली, सायकल काढ व. बाई एकटी जाऊन राह्यली. वाघ आहे."

हे 'हो' होतं की नाही ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. (धावणाऱ्यांनो, या रस्त्यांवर चांगलं ऊन वर आल्याशिवाय निघू नका, आणि एकट्याने तर नाहीच.)

डांबरी रस्ता छान आहे, रहदारी जवळजवळ नाही. मी धावत होते, वैशाली शेजारून सायकल हाकत होती. आठ किलोमीटर असेच गेले. मग अचानक म्हणाली, "म्याडम, पाय दुखते का तुमचे?"

"खूप."

"मंग थांबत काऊन नाई? आमची कोमल दुखते म्हनून रडते. तुम्ही तं मुद्दाम दुखवून घेऊन राह्यल्या."

मला थांबता येतं, कोमलला येत नाही, एवढंच खरं होतं. तेच तिला सांगितलं. ती सायकल जरा जवळून चालवू लागली.

दवाखान्यापाशी ती फाटकाबाहेरच थांबली, ओढणी तोंडावर ओढून, येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाठ करून. ती पाठ बघून मला जेवढं जड वाटलं, तेवढं पुढे मॅरेथॉनमध्येही वाटलं नाही. ज्योतीताईंनी एका महिन्याच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "पुढच्या वेळी रक्त तपासल्याशिवाय देणार नाही. पोरीला आणायला सांगा."

परत येताना शेवटचे चार किलोमीटर मी जवळजवळ चाललेच. यशोदाबाईंनी गोळ्या घेतल्या, ज्योतीताईंचा निरोप ऐकला, आणि येतो किंवा येत नाही यातलं काहीच म्हणाल्या नाहीत.

घरी येऊन आवाहन नव्याने लिहिलं, कोणाच्याही चेहऱ्याशिवाय. "फोटो नसेल तर लोक देत नाहीत गं," असं मैत्रीण म्हणाली, आणि खरंच देणगी कमी झाली. मॅरेथॉन धावले, पदक मिळालं, नवऱ्याने गुमान ते दिवाणखान्यात टांगलं. माझं सगळं लक्ष मात्र तो महिना संपण्याकडे होतं.

महिना संपला त्या आठवड्यात ज्योतीताईंचा फोन आला. पहिल्या बसने तिघी आल्या होत्या. कोमलचं रक्त घेऊन झाल्यावर वैशालीने आपलाही हात पुढे केला, मलेबी पाहाचं आहे म्हणाली. ज्योतीताईंनी तिची चिठ्ठी केली आणि नंबर आल्यावर, बाहेर गर्दी होती म्हणून, नाव हळूच घेतलं.

"हळू नोका पुकारू सिस्टर," वैशाली सगळ्यांदेखत म्हणाली, "मोठ्यानं पुकारा. आता सोयरीक आली तं मीच सांगन."

तिच्या तपासणीत काय निघालं ते मी विचारलं नाही.