कणसांना टोप्या

दिल्लीहून आलेलं पत्र माझ्या हातात होतं आणि शेतावर काम करणाऱ्या कौसाबाई पत्राकडे नाही, ज्वारीकडे पाहत होत्या. नव्या धोरणानुसार आमचा संशोधन प्रकल्प पुढील आदेशापर्यंत स्थगित, सर्व कामे तात्काळ थांबवावीत, एवढाच मजकूर.

"ज्वारीला कळवलंय का पण?" बाईंनी विचारलं.

कणीस फुलायच्या आत त्याला कागदी पिशवी बांधावी लागते. नाहीतर शेजारच्या वाणाचे पराग त्यावर बसतात आणि आठ वर्षं शुद्ध राखलेला, कमी पाण्यावर येणारा आमचा वाण बिघडतो. शेतावर या कामाला टोपी घालणं म्हणतात.

"तुम्हाला घातली दिल्लीनं टोपी, आता तुम्ही कणसाला घाला की!"

मला हसू आलं नाही. मी सरकारी शिष्यवृत्तीवर शिकलो. आमच्या घरी सरकारी कागद देव्हाऱ्यात ठेवत असत. तो चुकू शकतो, असं नुसतं मनात आणणंही मला कृतघ्नपणाचं वाटतं. पण त्याच शिष्यवृत्तीनं मला ज्वारी कधी फुलते ते ओळखायला शिकवलं होतं, आणि माझ्यासमोर ती फुलायला आली होती. आदेशाची वाट माणसं पाहू शकतात. फुलाला ते जमत नाही.

"भाऊ, ऊन वर आलं."

मी पत्राची घडी खिशात घातली, पिशव्यांचा गठ्ठा उचलला आणि ओळीत शिरलो. पहिल्याच कणसाच्या शेंड्यावर पिवळे पराग दिसत होते. ते आधीच फुललेलं कणीस तसंच सोडून मी पुढच्याकडे धावलो.