शिक्षा पुरेशी वाटते का?

गुन्ह्याचा फटका बसलेल्या माणसांशी बोलत भोर-वेल्ह्यात हिंडणं, ही माझी नोकरी. विद्यापीठात शिकवते, अहवाल लिहिते. अहवाल कुणी वाचत नाही, पण चहाला बसलं की सगळे म्हणतात, “ते म्हशीचं सांग ना!” असे किस्से साचतच जातात. कधी वर्गात मध्येच तिकडच्या धरणाचं निळं पाणी डोळ्यांपुढे येतं आणि मी वाक्यच विसरते.

* * *

पहिलाच सर्व्हे, भोंगवलीत. फॉर्ममधला पहिला प्रश्न मी वाचला, “तुम्ही कधी गुन्ह्याचे बळी ठरलात का?”

आजोबा दचकले. “न्हाई ताई, आमी माळकरी. बळीबिळी कायबी देत न्हाई!”

मग मी सोपं केलं. उत्रोलीत एका काकूंना विचारलं, “कुणी त्रास दिलाय का?”

त्यांनी आत डोकावून पाहिलं. हळूच म्हणाल्या, “ते घरातच हायेत. नंतर या!”

* * *

किकवीत एकाची मोटारसायकल चोरीला गेली होती. मी विचारलं, चोराला काय शिक्षा व्हावी? त्यानं हात झटकला.

“गाडी ऱ्हाऊ द्या त्याच्याकडंच. पन्नास किका मारल्याबिगर सुरू व्हत न्हाई ती. रोज सकाळी माझी आठवण काढंल!”

* * *

आणि ती म्हैस! वेल्ह्याकडच्या एका म्हाताऱ्यांची, चोरांनी टेम्पोत घालून नेलेली.

“झोपेवर काही परिणाम?”

“व्हय. आता रोज सपनात येती. लई दूध देती.” मग काळजीनं म्हणाले, “चोर घावला तर सपान बंद व्हईल का हो?”

मी फॉर्म पिशवीत ठेवला. दोघं भाताच्या खाचरांवरचं धुकं बघत बसलो.

* * *

तिथून वर डोंगरात एक वाडी आहे. ढग अगदी दारापर्यंत उतरले होते. बांधाच्या भांडणात शेजाऱ्यानं कोयता मारला, त्यात तिथल्या एका मावशींचा उजवा हात कायमचा निकामी झाला. शेजारी तुरुंगात गेला. तो आत असतानाच त्याची आई वारली.

मी विचारलं, “त्याला झालेली शिक्षा पुरेशी वाटते का? कमी? जास्त?”

मावशी म्हणाल्या, “सुटून आला तवा एसटीतनं उतरला आन् फाट्यावरच उभा ऱ्हायला. गावात येईना. म्याच गेले.”

“काय बोललात?”

“काय बोलायचं? किल्ली दिली. त्याची आय जाताना माज्याकडं ठिवून गेली व्हती.”

मी तेवढं लिहून घेतलं.

“घर लई दिस बंद व्हतं ना,” मावशी म्हणाल्या. “एका हातानं जमलं तेवढं झाडून ठिवलं व्हतं.”