चित्रातल्या बाईचं पत्र

आत्या गेल्यावर परवा तिची ट्रंक उघडली, डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि साताऱ्याकडच्या टेकडीवरचं ते संग्रहालय आठवलं. तिथंही हाच वास होता. एका नामांकित चित्रकाराच्या चित्रांवर तेव्हा मी मोठा लेख लिहिला होता आणि तो मिरवायलाच कडेगावहून आत्याला तिथं नेलं होतं. एका चित्रात दारात उभी असलेली नऊवारीतली बाई होती, पत्र छातीशी धरलेली. नवऱ्याचं पत्र वाचून ती सुखावली आहे आणि तोच आनंद चित्रकाराने तिच्या गालावरच्या उजेडात उतरवला आहे, असं मी लिहिलं होतं. तेच आत्याला ऐटीत सांगितलं. ती चित्राच्या अगदी जवळ गेली आणि म्हणाली, "वाचलं कुठं रं तिनं? तिला वाचाय येत न्हाई. कोन वाचून दावंल म्हून दारात थांबलीया." आत्याचा नवरा पलटणीत होता, त्याची पत्रं शाळेतले मास्तर तिला वाचून दाखवायचे. "मास्तर येईस्तवर मी बी अशीच धरून बसायची," ती म्हणाली. "शेवटच्या बारीला तार आदी आली, पत्र मागनं आलं. मग न्हाई नेलं मास्तरांकडं." माझा लेख छापून झाला होता. चूक कबूल करायची लाज वाटली, म्हणून पुढं पुस्तकातही तो तसाच गेला. परवा त्या ट्रंकेच्या तळाशी, तिच्या लग्नातल्या लुगड्याखाली, ते पत्र सापडलं. पाकीट अजून चिकटवलेलंच होतं. मला वाचता येतं. तरी ते छातीशी धरून मी तिच्या दारात नुसता उभा राहिलो.