वाकडी मक्खी

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. त्या एकादशीला चांदमारीच्या मैदानावर तर ते असं तापलं की विचारू नका!

रायफल काकांची. काका पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नेमबाजी व्हायची आणि पहिल्या सहांना संस्थानच्या दरबारच्या नेमबाज चमूत जागा मिळायची. निवृत्तीनंतर रायफल घरी आली तेव्हापासून काकांची ती जागा लागोपाठ तीन वर्षं हुकली. सगळ्या गोळ्या उजवीकडे! "डोळा गेला माझा," म्हणाले, रायफल माझ्या हाती दिली आणि मैदानाचं नावच टाकलं. ती जागा मी घरी आणणारच, असा हट्टच धरला होता मी.

पलटणीत हत्यारं दुरुस्त करणारे उस्ताद आणि मी आठ दिवस रायफल नेमाला बसवत होतो. नळीच्या टोकावर नेम धरायचा छोटा दांडा असतो, त्याला आम्ही मक्खी म्हणायचो. गोळी उजवीकडे गेली की मक्खीही केसभर उजवीकडे सरकवायची. मी गोळी झाडायची, उस्तादांनी हातोडीनं टुक करायचं, पुन्हा झाडायची. शेवटी तीन गोळ्या काळ्या चांदाच्या मधोमध, एका पुरीखाली झाकतील अशा बसल्या. मी तर उड्याच मारल्या. मक्खी मात्र उजवीकडे सरकलेली, चक्क वाकडी दिसत होती. उस्ताद म्हणाले, "दिखने दो टेढ़ी, बेटा. मारती सीधा है. अब हाथ मत लगाना."

मी कशाला हात लावतोय! मधे खंडेनवमी आली. काकूनं घरातली शस्त्रं घासूनपुसून पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला. दरसालचंच ते.

एकादशीला चाचणीच्या दोन गोळ्या मिळाल्या. दोन्ही वीतभर उजवीकडे! मक्खीकडे पाहिलं तर ती अगदी मधोमध, आणि खाचेत कुंकू. आता हातोडी लावायला परवानगी नाही. पुढच्या दहा मोजणीच्या.

काय करणार? चांद सोडला आणि वीतभर डावीकडे, कोऱ्या पांढऱ्यावर नेम धरला. पहिली गोळी लागली काळ्यात! अरे वा! मग दुसरी, तिसरी. हसू दाबवत नव्हतं. दहातल्या नऊ काळ्यात. सहावा आलो, शेवटचा, पण आलो!

तरी जयेंद्रगंजला घरी पोचेपर्यंत राग पुन्हा चढलाच. काका ओसरीवर बसलेले, काकू दारात.

"जागा मिळाली," मी म्हणालो, "पण मक्खीला हात कुणी लावला?"

"मी!" काकू खुशीत म्हणाली. "कशी वाकडी झाली होती रे! देवापुढे वाकडं ठेवतात का? बत्त्यानं ठोकून सरळ केली, म्हणून तर लागल्या तुझ्या."

"काकू, अगं..."

"दरसाल मीच करते. ह्यांचीसुद्धा तीन वर्षं मीच केली. ह्यांचं कधी लक्ष असतं का?"

काका हळूच उठले. माझ्याकडे पाहिलं.

"कुठे लागल्या रे तुझ्या चाचणीच्या?"

"वीतभर उजवीकडे."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मग काका एवढ्या मोठ्यानं ओरडले की समोरचे लोक बाहेर आले, "म्हणजे डोळा गेलाच नव्हता माझा!"

काकू बावरली. "अहो, मग काय वाकडीच ठेवायची होती?"

"हो गं बाई, वाकडीच!" त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते. त्यांनी माझ्यापुढे दोन्ही हात पसरले. "आण ती इकडे. उद्या सकाळी उस्तादांकडे मीही येतो."

मी रायफल त्यांच्या हातात दिली.