दामिनीच्या नऊ पॅडवर मधुकरराव

आमच्या 'सूरसाथी' ग्रुपमध्ये मी निवेदक आहे. दोन गाण्यांच्या मधली जागा बोलून भरायची, एवढंच माझं काम. त्यामुळे स्टेजवर इतरांचे हात चालू असताना मला बघायला भरपूर वेळ मिळतो. गेली आठ वर्षं मी सगळ्यात जास्त जिला बघितलं, ती आमची ड्रमर, दामिनी चापले.

दामिनी छत्तीस वर्षांची. दिवसा लकडगंजमध्ये एका आरा मिलच्या ऑफिसात बसते. कुणाला सागाची चौकट हवी, कुणाला दाराच्या फळ्या, ते फोनवर लिहून घेते. ड्रम ती शाळेच्या बँडमध्ये शिकली. सव्वीस जानेवारीच्या परेडला ड्रम वाजवणारी मुलगी आजारी पडली आणि सरांनी हिच्या गळ्यात पट्टा अडकवला. नंतर तिला बघायला आलेल्या एका पाहुण्याने विचारलं होतं, "लग्नानंतर हे वाजवणं सुटेल ना?" दामिनीने आणलेला चहाचा ट्रे तसाच उचलला आणि आत गेली. पाहुण्यांना त्या दिवशी चहा मिळाला नाही.

ग्रुप मधुकररावांचा. ते इतवारीत राहतात, पोस्टातून निवृत्त झाले, आणि तीस वर्षं कीबोर्ड वाजवत आले. बासरी, सतार, व्हायोलिन, सगळं त्यांच्या दोन हातांत. गायला सत्यवतीताई, तालाला दामिनी, बोलायला मी. चौघांत आमचा कार्यक्रम व्हायचा, कारण त्यातले मधुकरराव एकटे दहा जणांचं वाजवायचे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं महिन्याभरात परत आलं, पायही चालू लागला. उजव्या हाताची बोटं मात्र हलेनात.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते भिंतीकडे बघत म्हणाले, "ग्रुप बंद करून टाका. हातच नाही तं वाजवू काय?"

"बंद काहून करायचा, काका?" दामिनी म्हणाली. "तुम्ही बरे होईपर्यंत ट्रॅकवर करू."

ट्रॅक म्हणजे आधी तयार केलेलं संगीत. ते लॅपटॉपवर लावायचं आणि त्यावर गायचं, वाजवायचं. हल्ली पुष्कळ लोक करतात. आम्हीही बाजारात मिळणारे ट्रॅक गोळा केले आणि हुडकेश्वरच्या एका सभागृहात ज्येष्ठ नागरिक मंडळाचा कार्यक्रम घेतला. मधुकररावांना पहिल्या रांगेत बसवलं.

तिसऱ्या गाण्याचा मुखडा सत्यवतीताईंनी असा काही गायला की लोकांनी "वन्स मोअर" म्हणून टाळ्या धरल्या. ताई तीस वर्षांच्या सवयीने पुन्हा मुखड्यावर आल्या. पण लॅपटॉपला टाळ्या ऐकू येत नाहीत. तो अंतऱ्याकडे निघून गेला. ताई एकीकडे, व्हायोलिन दुसरीकडे. दामिनीने ड्रम थांबवले, मी धावत जाऊन लॅपटॉप बंद केला. ताईंनी माइक खाली ठेवला. मी पहिल्या रांगेकडे बघितलं, तर मधुकररावांनी मान खाली घातली होती.

परत येताना ऑटोत ताई एवढंच म्हणाल्या, "मधुकरराव माह्या मागे येत होते. हे मशीन मले आपल्या मागे पळवून राहिलं."

पुढच्या रविवारी दामिनीने मला फोन केला. "सौरवदादा, माह्या डोक्यात एक आलं आहे. ट्रॅक अख्खा ठेवायचाच नाही. तुकडे करायचे. मुखडा एक, मधलं संगीत एक, अंतरा एक. ताई जिकडे जातीन, तो तुकडा मी वाजवायचा. अन् ट्रॅक बाजारातले नाही घ्यायचे."

"मग कुणाचे?"

"काकाचे. डावा हात चांगला आहे ना त्यायचा."

मधुकररावांना हे पटवायला दोन रविवार गेले. एका हाताने आधी साथ वाजवायची, मग त्याच हाताने वरून धून वाजवायची, आणि दोन्ही एकत्र जोडायचं, हे त्यांना लबाडी वाटत होतं. शेवटी त्यांच्या बायकोनेच, काकूंनी, कीबोर्डवरची चादर ओढून काढली. रेकॉर्डिंग सुरू झालं आणि लगेच भांडण झालं. लय हलू नये म्हणून कानात घड्याळासारखी टिकटिक लावावी लागते. मधुकररावांनी हेडफोन काढून गादीवर टाकला.

"हे टिकटिक मले बैलासारखं हाकलून राहिली वं! मी आजपर्यंत असं नाही वाजवलं."

दामिनीने हेडफोन उचलला आणि स्वतःच्या कानात घातला. मग समोर बसून दोन काठ्यांनी उशीवर हलका ठेका धरला. "तुम्ही माह्याकडे पाहून वाजवा, काका. नेहमीसारखं."

टिकटिक तिच्या कानात, ठेका तिच्या हातात, आणि मधुकरराव तिच्या हाताकडे बघत वाजवू लागले. पहिलं गाणं पूर्ण व्हायला तीन तास लागले. डावा हात मंद होता, धून चुकायची, पुन्हा घ्यावी लागायची. पण संध्याकाळी जोडून ऐकलं तेव्हा दोन हातांचे मधुकरराव वाजत होते. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

आता प्रश्न होता तो हे तुकडे वाजवणाऱ्या मशीनचा. त्याला सॅम्पलर म्हणतात. आत आवाज भरून ठेवायचे आणि हवा तेव्हा एका टिचकीत सोडायचे. बर्डीतल्या एका वाद्यांच्या दुकानात आम्ही गेलो. दामिनीने सोबत गाण्यांचा पेनड्राइव्ह आणि स्वतःच्या काठ्या आणल्या होत्या.

दुकानातल्या मोहितने आधी सगळ्यात मोठं मशीन काढलं. रंगीत स्क्रीन, शंभर गाण्यांची यादी, सगळं नीटनेटकं. "मॅडम, बडे बडे शो में यही चलता है. एकदा लावलं की टेन्शन नाही."

"मधेच मुखड्यावर परत यायचं असेल तर?"

"येते ना. इथे दाबा, मग इथे निवडा."

"म्हणजे दोनदा दाबायचं, अन् स्क्रीनकडे पाहायचं." दामिनीने काठ्या वर करून दाखवल्या. "माहे दोन्ही हात तर यातच असते, भाऊ."

दुसरं मशीन लहान होतं, सोळा बटणांचं, बोटांनी वाजवायचं. ते मला फार आवडलं. झोळीत मावेल असं. दामिनीने त्यावर दहा मिनिटं वाजवलं, चांगलं वाजलं, पण प्रत्येक वेळी एक काठी काखेत धरावी लागत होती. "हे कीबोर्डवाल्याचं आहे, ड्रमरचं नाही," म्हणून तिने ते परत दिलं.

तिसरं मागच्या कपाटात होतं, जुन्या मॉडेलचं, डेमोसाठी वापरलेलं. वर रबराचे नऊ पॅड, काठीने मारायचे. मोहितने ते नाइलाजाने काढलं. "यात जागा कमी आहे. वीसेक गाणी बसतील फार तर."

"आमच्या कार्यक्रमात अठरा असते."

तिने तुकडे भरून घेतले. एका पॅडवर मुखडा, दुसऱ्यावर मधलं संगीत, तिसऱ्यावर अंतरा. नवा पॅड मारला की आधीचा आपोआप थांबत होता. टिकटिक हेडफोनमधून फक्त तिच्या कानात येत होती, बाहेरच्या स्पीकरवर नुसतं संगीत. ती वाजवत राहिली आणि मला म्हणाली, "दादा, तुम्ही ताई बना. गा, अन् मनात येईल तेव्हा मागे फिरा."

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. तरी मी गायलो. तीनदा मागे फिरलो. तिन्ही वेळा मधुकररावांचा मुखडा माझ्याबरोबर परत आला. माझा आवाज ऐकून एक गिऱ्हाईक बाहेर गेलं, हेही खरं.

मग ती मोहितला म्हणाली, "आता याची लाइट बंद करा."

"म्हणजे?"

"प्लग काढा. कार्यक्रमात लाइट गेली तर हे किती वेळात उठते, ते पाहायचं आहे."

मोहितने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, त्याने प्लग काढला आणि पुन्हा लावला. मशीन दहा-बारा सेकंदांत जागं झालं. मोठ्या मशीनला जवळजवळ मिनिट लागलं. "एवढा वेळ दादा बोलून काढतीन," दामिनी नऊ पॅडच्या मशीनकडे बोट दाखवून म्हणाली, आणि तेच बांधून घेतलं.

जानेवारीत लकडगंजच्या एका सभागृहात आम्ही या मशीनवरचा पहिला कार्यक्रम केला. दामिनी सकाळपासून जेवली नव्हती. पहिली चार गाणी नीट गेली. पाचव्यात तिचा हात घसरला आणि मधल्या संगीताऐवजी अंतऱ्याचा पॅड लागला. पण आवाज मधुकररावांचा, वाजवणारी दामिनी, आणि ताई दोघांनाही ओळखून होत्या. त्यांनी हसून एक लांब आलाप घेतला. तेवढ्यात दामिनीने लय न सोडता बरोबरचा पॅड मारला. लोकांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे. टाळ्या पडल्या, ताई मुखड्यावर परत आल्या, आणि या वेळी व्हायोलिनही त्यांच्यामागे परत आलं.

मधुकरराव पहिल्या रांगेत होते. कार्यक्रम संपल्यावर काठी टेकत स्टेजवर आले. आम्हाला वाटलं, डोळे पुसतील. त्यांनी दामिनीला विचारलं, "सातव्या गाण्यात बासरी कच्ची आहे वं. ऐकू नाही आलं तुले?"

"आलं ना काका."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबली होती."

ते त्या नऊ पॅडवर वाकले. मग डाव्या हाताच्या बोटाने एक पॅड दाबला. त्यांचीच सतार वाजली.

गेल्या महिन्यात आमचा कार्यक्रम पुन्हा हुडकेश्वरला, त्याच ज्येष्ठ नागरिक मंडळात झाला. या वेळी मधुकररावांची खुर्ची स्टेजवर होती, कीबोर्डसमोर. एका गाण्यात डाव्या हाताने साथ ते प्रत्यक्ष वाजवणार होते, आणि वरची धून दामिनीच्या पॅडवरून येणार होती. म्हणून तिने त्या गाण्याचे तुकडे नव्याने केले, त्यांच्या डाव्या हाताची साथ त्यातून काढून टाकली.

निवेदन करताना मी सगळं समजावून सांगणार होतो. पण नुसतं त्यांचं नाव घेतलं आणि बाजूला झालो.

दामिनीने काठ्यांवर चार मात्रा मोजल्या. मधुकरराव तिच्या हाताकडे बघत होते. चौथ्या मात्रेनंतर दोघांनी एकाच वेळी सुरुवात केली.