बोर्ड माझ्या हातात होता

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही, हे आधीच ठणकावून सांगते. आमच्या घरात देव्हारा नाही, पत्रकांचे गठ्ठे आहेत. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकले आणि पुढे सुदुंबऱ्यात दारोदार वाटलीसुद्धा. त्यामुळे 'अमानवीय' हा शब्द लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पण घडलं ते घडलं...

सोमाटण्यात माझं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गेल्या हिवाळ्यात लोणावळ्याहून एका गेम पार्लरवाल्या शेठचा फोन आला. बाजारपेठेत, चिक्कीच्या दुकानामागे त्यांचं पार्लर. तिथे एक जुनं मशीन होतं. कपाटाएवढं लाकडी खोकं, जाड पिक्चर ट्यूब, पडद्यावर पळणारा छोटा लाल माणूस. आईबाप पोरांना मुद्दाम आणून दाखवतात, आमच्या लहानपणी असं होतं म्हणून.

"चालता चालता बंद पडतं," शेठ म्हणाले. "मेकॅनिक आला की पठ्ठ्या झकास चालतो! खरं सांगू का मॅडम, दोष मशीनचा नाही. ही हौसाबाई झाडायला आली की बंद पडतं. पायगुण! आज नीट झालं तर ठीक, नाहीतर उद्यापासून हिला नको म्हणून सांगणार."

हौसामावशी तिथेच केरसुणी घेऊन उभ्या होत्या. मूळच्या आंदर मावळातल्या, आता लोणावळ्यात खोली घेऊन एकट्या राहतात. शेठ बाजूला झाल्यावर हळूच म्हणाल्या, "ह्ये काम जाईल त्ये जाऊ दे, पोरी. पर असं नाव पडलं की दुसरं कुणी दारात उभं करत न्हाई."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, दोष सापडल्याशिवाय इथून हलायचं नाही.

मधूनच होणाऱ्या बिघाडाची वाट बघत बसायचं नसतं, त्याला डिवचायचं असतं. मशीन चालू ठेवलं, मागचं दार उघडलं आणि स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने एकेक भाग ठोकत गेले. मुख्य बोर्ड जिथे खोचलेला असतो त्या कनेक्टरवर ठोकलं — पडदा काळा! पुन्हा ठोकलं, पुन्हा काळा. टॉर्च मारला तर तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा थर, आणि त्यात अडकलेली नारळाची शेंडी.

"शेठ, दसऱ्याला मशीनची पूजा करता?"

"करतो की! नारळ ह्याच्यावरच फोडतो. सगळ्यात जुनं, मान त्याचा."

वरच्या फळीला चीर होती. नारळाचं पाणी तिथून थेट कनेक्टरवर गळायचं. मावशी मागचा केर काढायला मशीन जरा सरकवायच्या आणि त्या धक्क्याने कनेक्शन तुटायचं. एवढाच पायगुण!

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. "बगा शेठ! नारळ तुमचा अन् पाय माजा वाईट व्हय?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून शेठ पुढे गेले. मी मशीन बंद केलं, प्लग काढला, बोर्ड बाहेर काढला आणि स्टुलावर बसून ब्रशने पट्ट्या घासायला लागले. भर दुपार होती. मावशी मशीनसमोर झाडत होत्या.

अचानक त्यांच्या साडीवर निळसर उजेड पडला. मी उठून पुढे आले...

गेम चालू होता.

नीट वाचा. प्लग जमिनीवर होता. पडद्यावरचं चित्र जो बोर्ड तयार करतो, तो बोर्ड माझ्या हातात होता! आणि पडद्यावर तो लाल माणूस पळत होता. मावशी थांबल्या, तो थांबला. त्या घाबरून मागे सरकल्या — तोही मागे सरकला. त्या गेममध्ये मागे जाताच येत नाही. जॉयस्टिकची दांडी कितीही ओढा, तो फक्त पुढे पळतो.

"पोरी... ह्ये चालू कसं?"

मोबाईल खिशात होता, पण हात खिशापर्यंत गेला नाही.

"शेठला सांगू नगं गं. पाया पडते."

"झालं का मॅडम?" शेठचा आवाज आला आणि पडदा विझला.

"नारळाचं पाणी होतं," मी म्हणाले. "यापुढे पूजा फुलांनी करा." सांगितलं ते खरं होतं. सगळं सांगितलं नाही.

बोर्ड परत बसवण्याआधी मी अख्खं खोकं तपासलं. लपलेली बॅटरी नाही, दुसरी वायर नाही. ट्यूबमध्ये थोडा वेळ चार्ज साठून राहतो, हे मलाही माहीत आहे. त्याने झटका बसेल, फार तर पडदा लुकलुकेल. माणूस पळणार नाही.

मशीन तेव्हापासून बिनतक्रार चालू आहे. मावशीही कामावर आहेत. हे लिहू का, असं त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "लिही, पर माजं नाव नगं." म्हणून नाव बदललंय.

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. कुणाकडे असेल तर जरूर द्या, मी ऐकेन. पण 'बघा, त्या बाईतच काहीतरी असणार' असं खाली प्रतिसादात लिहायला निघाला असाल, तर थांबा. समोर मीसुद्धा उभी होते आणि बोर्ड माझ्या हातात होता. मग संशय माझ्यावर का नाही येत तुम्हाला?